भुताचा पत्ता

कोकणातल्या प्रत्येक भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानातल्या त्याच त्या वळणावर, देवचार गावाच्या हद्दीत. गिरगावातल्या आमच्या चाळीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं रत्नागिरी आणि मालवणकडची. त्यामुळे कोण कुठे राहतं हे आम्हा पोरांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. देवचाराला तर वर्षाची राखण द्यायची पद्धत. नारळ, कोंबडा, विडीचं बंडल. त्याच्या हद्दीत आपण राहतो, कसतो, खातो, तर त्याचं देणं वेळेवर पोचवायचं, इतका सरळ व्यवहार. देणं चुकलं की तो दिसतो.

भयपटांचं वेड मला फार लवकर लागलं आणि अजून उतरलेलं नाही. पाहिलेल्यातलं पुष्कळ विसरूनही गेले. जे सिनेमे मनात राहिले त्यांत मात्र एक गोष्ट सारखी आढळते. त्यांतलं भूत कुठल्या ना कुठल्या जागेवर हक्क सांगत असतं. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. इथे पागडीच्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात. म्हातारी गेली की तेरावं व्हायच्या आत ‘खोलीचं काय?’ हा प्रश्न निघतो. जागेपायी जिवंत माणसं काय काय करतात ते आम्ही जवळून पाहिलं आहे. मेलेल्यांनीही जागा सोडू नये, यात मला कधी नवल वाटलं नाही.

माझ्या आवडीची सुरुवात माझ्या जन्माच्या कितीतरी आधी होते. ‘महल’ १९४९ चा. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, निर्मिती बॉम्बे टॉकीजची. आजीनं तो नवी नवरी असताना पाहिला होता. पुढे आयुष्यभर रात्री घड्याळाचे ठोके पडायला लागले की ती हातातलं काम थांबवून ते संपू द्यायची. मी कॉलेजात असताना तो टीव्हीवर लागला तेव्हा ती शेजारी बसून होती. ‘आता बघ,’ म्हणायची, आणि दर वेळी होत काहीच नसे. सावली सरकायची, झोपाळा हलायचा, मधुबालाचा चेहरा दिसतो न दिसतो तोच अंधारात जायचा. जोसेफ विर्शिंग या जर्मन कॅमेरामननं त्या हवेलीत उजेड इतका मोजून टाकला आहे की आपण पूर्ण वेळ डोळे ताणून बसतो. माझ्या मते भीतीची अर्धी मेहनत त्या ताणलेल्या डोळ्यांनीच होते.

आणि ‘आएगा आनेवाला’. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी लताबाई मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात चालत त्याच्यापाशी आल्या. खेमचंद प्रकाशांचं संगीत. सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव म्हणून पडद्यावरच्या पात्राचं, ‘कामिनी’ एवढंच छापलेलं होतं. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं ते गाणं खरंच त्या हवेलीतल्या बाईचं होतं. हे मला कळलं त्या दिवसापासून ते गाणं मी दिवसाउजेडीही वेगळ्या कानांनी ऐकते.

‘महल’मध्ये शेवटी भूत नसतंच. माळ्याची मुलगी असते. पुष्कळांना हा खुलासा फसवणूक वाटतो. मला तो सिनेमातला सगळ्यात भेदक भाग वाटतो. त्या हवेलीत वाढलेल्या, पण तिच्यातल्या एका खांबावरही हक्क नसलेल्या मुलीला तिथली मालकीण म्हणून वावरायचं असेल तर भूत होण्यावाचून दुसरा रस्ता नाही. बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला होता. आज त्या जागेवर गाळे आणि छोटे कारखाने आहेत.

‘मधुमती’ला (१९५८) लोक पुनर्जन्माचा सिनेमा म्हणतात. मी त्याला भयपटांत धरते, कारण त्याच्या शेवटाइतका नेमका भुताटकीचा प्रसंग मी दुसरा पाहिला नाही. जमीनदारानं केलेला गुन्हा त्याच्याच तोंडून वदवायचा म्हणून नायक मधुमतीसारख्या दिसणाऱ्या मुलीला भूत बनून यायला सांगतो. ती येते, प्रश्न विचारते, जमीनदार कबूल करतो. मग लक्षात येतं की तिनं विचारलेलं काही तर त्या मुलीला ठाऊकच नव्हतं, आणि खरी मुलगी आत्ता कुठे दारातून येते आहे. बिमल रॉय, कथा-पटकथा ऋत्विक घटकांची, संगीत सलील चौधरींचं. मुंबईकरांसाठी एक गंमत सांगते. नैनितालकडे केलेल्या चित्रीकरणातला काही भाग फिल्म धुतल्यावर खराब निघाला. तेव्हा इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात पाइनची खोटी झाडं उभी करून तो पुन्हा घेतला गेला. त्यामुळे कसारा घाटातलं धुकं बघताना मला अजूनही वाटतं, इथे कुणीतरी प्रश्न विचारायला येईल.

साठच्या दशकातले सिनेमे मला आवडतात ते पहिल्या तासापुरते. ‘वो कौन थी’ची (१९६४) सुरुवात घ्या. पावसाची रात्र, रस्त्यावर पांढऱ्या साडीतली साधना, मनोजकुमार तिला गाडीत घेतो. वायपर बंद पडतात. त्याला काही दिसत नाही, तिला रस्ता स्वच्छ दिसतो. गाडी कब्रस्तानापाशी थांबते आणि फाटक आपसूक उघडतं. राज खोसलांनी त्या काही मिनिटांत जे केलं आहे ते कुठल्याही देशातल्या कुठल्याही भयपटाशेजारी ठेवावं. पुढे मात्र सगळं वारशाच्या इस्टेटीच्या कटावर येऊन थांबतं. त्याआधीच्या ‘बीस साल बाद’मध्येही (१९६२) दलदलीतल्या त्या गाण्यामागे शेवटी हाडामांसाची माणसंच निघतात. पण तिथे कारण मोठं आहे. ठाकुरानं एका मुलीवर केलेला अत्याचार वीस वर्षांनी त्याच्या वंशजाच्या दारात येतो. भूत खोटं आणि देणं खरं, हा प्रकार मला चालतो. नुसत्या इस्टेटीच्या कटापेक्षा कितीतरी जास्त.

मग रामसे.

फत्तेचंद रामसिंघानी, म्हणजेच पुढचे रामसे, फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आले. लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान, मग सिनेमाची निर्मिती. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) पडला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला थिएटरात लोक उसळतात, हे मुलांनी पाहिलं. सात भाऊ. एकानं लेखन घेतलं, एकानं कॅमेरा, एकानं ध्वनी, एकानं संकलन, दोघांनी दिग्दर्शन. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) करायला सगळं कुटुंब, कलाकार आणि थोडकी माणसं महाबळेश्वरला गेली, विश्रामगृहात राहिली आणि तिथेच सिनेमा करून आली. घरच्या बायका सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. घरच्या घरी धंदा कसा उभा राहतो हे ज्यानं गिरगावात पाहिलं आहे, त्याला या माणसांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही.

त्यांचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) मी थिएटरात पाहिलाच नाही. तो माझ्यापर्यंत आला भाड्याच्या व्हीसीआरवरून. आमच्या चाळीत कुणाचं बारसं, साखरपुडा किंवा सत्यनारायण झाला की रात्री रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट यायच्या. पहिली कॅसेट पौराणिक, म्हाताऱ्यांसाठी. दुसरी मारामारीची. तिसरी लागायची तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेलेले असायचे, लहान पोरं झोपली आहेत असं मोठ्यांनी धरून चाललेलं असायचं, आणि ती तिसरी कायम रामसेंची. मी मामेबहिणीच्या पाठीमागे पांघरुणात, एका डोळ्यापुरती फट ठेवून. कॅसेट इतक्या घरांतून फिरलेली की पडद्याच्या खालच्या बाजूला सतत पांढऱ्या रेघा धावायच्या. कुणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, चित्र जागेवर यायचं, आणि नेमका तेव्हाच ‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी पुढे उभा. खोलीत तीस-चाळीस माणसं, गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून आणखी. सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालेला तो श्वास मला आजही ऐकू येतो.

सामरीचं मुंडकं एकीकडे पेटीत बंद, धड दुसरीकडे पुरलेलं. दोन्ही एकत्र येत नाहीत तोवर गाव सुखी. भुताचे दोन पत्ते आणि मधलं अंतर राखायची जबाबदारी माणसांची, ही कल्पना मला अजून थोर वाटते. सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणानं इंजिनिअर. त्यांच्या उंचीवर आणि चेहऱ्यावर मेकअपचा फार भार टाकावा लागला नाही. चित्रीकरण मुरुडच्या नवाबाच्या राजवाड्यात झालं. जंजिऱ्याच्या सहलीला जाताना गाव यायच्या आधी समुद्राच्या अंगाला तो दिसतो. आमच्या एसटीतली सगळी पोरं तेव्हा जंजिरा विसरून त्या बाजूच्या खिडक्यांना लागली होती.

कॅसेट संपल्यावर खरा सिनेमा सुरू व्हायचा. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. चार दारं, त्यांतल्या एकाची कडी गेलेली, आणि वर एकच पिवळा बल्ब. पहाटे तीन वाजता तिथे जायचं तर किमान तिघी लागायच्या. एक आत, एक दाराशी, एक गॅलरीत. आतलीनं सतत काहीतरी बोलत राहायचं, हा नियम. मोठ्या बायाही यायच्या, आमच्या सोबतीला म्हणून, पण पावलं त्यांचीही जवळजवळ पडायची. रामसेंच्या सिनेमांत बायकांकडे ज्या नजरेनं बघितलं जातं ती मला तेव्हाही खुपायची, आता तर सहन होत नाही. पण कुरकुरणारं दार, लाल-हिरवा उजेड, धुरातून येणारी उंच आकृती यांनी चाळीभर माणसांना एका पांघरुणात घेतलं, हेही तितकंच खरं. कौतुक मी हातचं राखून करत नाही.

त्याच काळातला एक सिनेमा फार कमी लोकांनी पाहिला आणि मला तो सगळ्यांत वरचा वाटतो. ‘गहराई’, १९८०. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई, पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात. बंगलोरचा एक सुस्थितीतला गृहस्थ गावाकडची जमीन कारखान्याला विकतो. वर्षानुवर्षं ती जमीन राखणारा गडी हादरतो. मालकाला कळतच नाही याला एवढं काय झालं. पुढे शाळकरी मुलीच्या अंगात काहीतरी येतं. मुलगी पद्मिनी कोल्हापुरे, वडील डॉ. श्रीराम लागू, भाऊ अनंत नाग, आणि अमरीश पुरी मांत्रिक.

मुलगी बोलायला लागते ती अचकटविचकट नव्हे, बापाच्या जुन्या कृत्याबद्दल. गड्याच्या बायकोचं काय झालं होतं, त्याबद्दल. आणि लागूंचा चेहरा. समंजस, शिकलेला, देवधर्माच्या थोतांडाला न मानणारा बाप. मुलीला बरं करण्यासाठी तो डॉक्टर बघतो, मग नाइलाजानं मांत्रिक बघतो, सगळं करतो. एक गोष्ट करत नाही. सांगत नाही. लागूंनी ते न सांगणं कसं खेळलं आहे ते बघावं. जबडा आवळला जातो, चष्मा सावरला जातो, नजर मुलीवरून बायकोवर आणि तिथून जमिनीवर जाते. ज्या नटानं सबंध आयुष्य विवेकाच्या बाजूनं जाहीरपणे बोलण्यात घालवलं त्यालाच या भूमिकेत घेणं ही केवढी धीट निवड. भूत आहे की नाही हा प्रश्न सिनेमा बाजूलाच ठेवतो. जमीन विकली म्हणजे त्या जमिनीत जे पुरलंय त्यातून सुटका होत नाही, एवढंच तो धरून ठेवतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. जमीन विकून मुंबईत ब्लॉक घेतलेल्या आमच्या कितीतरी नातेवाइकांनी हा सिनेमा बघायला हवा होता.

परदेशी सिनेमे आम्हाला कॅसेटवरच मिळाले. ‘एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) पाहून मी थक्क झाले, पण रात्री झोप लागली. त्यातल्या सैतानाचं त्या घराशी, त्या मुलीशी काही देणंघेणं नाही, तो कुठेही गेला असता. जपानी ‘रिंग’नं (१९९८) मात्र झोप उडवली. विहिरीत टाकलेली मुलगी, आणि तिच्या विहिरीवरच बांधलेलं पर्यटकांचं लाकडी घर. विहीर बुजवून वर इमारत बांधण्यातलं पाप आपल्याला कळतं. मुंबईत अशा बुजवलेल्या विहिरी किती तरी आहेत.

नव्वदच्या दशकात भीती टीव्हीवर आली. ‘झी हॉरर शो’ १९९३ पासून, मग ‘आहट’. दर आठवड्याला ठरल्या वेळी येणाऱ्या भुतानं मला फारसं घाबरवलं नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) हा महेश कोठारेंचा सिनेमा आम्ही टाळ्या वाजवत पाहिला. रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. हसणारी पोरं घरी जाऊन कपाटातल्या बाहुल्या मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवत होती. राम गोपाल वर्मांचा ‘रात’ (१९९२) मी नंतर पाहिला. रेवती भरलेल्या थिएटरात सिनेमा बघते आहे आणि एका क्षणी सगळं थिएटर रिकामं. मुंबईच्या माणसाला रिकामी जागा दाखवली की तो दचकतो, हे वर्मांना कळलं होतं.

अकरा वर्षांनी त्यांनी तेच कळणं पुढे नेलं. ‘भूत’, २००३. मला माझ्या शहराचा वाटलेला पहिला भयपट. हवेली नाही, स्मशान नाही, गाणी नाहीत. मुंबईतल्या उंच इमारतीत बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथे आधी राहणारी बाई बाल्कनीतून पडून गेली आहे, आणि नवऱ्याला ते फ्लॅट घेतानाच माहीत आहे. तो बायकोला सांगत नाही. चांगली जागा, परवडणारा भाव, आणि असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नाही.

आम्ही त्याच्या आदल्या वर्षी गिरगाव सोडून कांदिवलीला सहाव्या मजल्यावर जुना फ्लॅट घेतला होता. जुना म्हणजे कुणीतरी राहून गेलेला. दाराच्या चौकटीवर त्यांचं कुंकवाचं स्वस्तिक, भिंतीत त्यांच्या फोटोंचे खिळे. स्वयंपाकघराच्या दारालगत पेन्सिलीच्या आडव्या खुणा होत्या, एका मुलाची उंची मोजलेली, प्रत्येक खुणेशेजारी तारीख. शेवटची खूण माझ्या कमरेच्या जरा वर. त्यानंतर काही नाही. ते कुटुंब दुसरीकडे गेलं असणार, मुलगा वाढला असणार, हे मला समजत होतं. रंगाऱ्याला मी तेवढी पट्टी सोडून रंग लावायला सांगितला. मिस्टर म्हणाले, ठेव. त्यांची रात्रपाळी असायची, आणि मी एकटी त्या खुणांसमोर उभी राहून चहा करायची.

‘भूत’ पाहून आले त्या रात्री लिफ्टनं वर जाताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्या इमारतींतली सगळ्यात भुताळ गोष्ट लिफ्ट आहे. जाळीचा दरवाजा, आत एक ट्यूब, आणि प्रत्येक मजला डोळ्यांसमोरून खाली जाताना दिसणारं काळं, ओशट सिमेंट. कुणीतरी वर दार उघडं टाकलेलं असतं, आणि रात्रभर त्या पोकळीतून तो आवाज येत राहतो, ‘कृपया दरवाजा बंद कीजिए’. वर्मांनी लिफ्ट, वॉचमन, रिकामा जिना, दुपारची सुनी बिल्डिंग असं सगळं रोजचं घेतलं आणि त्याला हातही न लावता तसंच दाखवलं. ऊर्मिला मातोंडकरचं काम तर मी कितीही वेळा बघू शकते. झोपेत उठून बसलेली बाई आणि आपल्या घरात आपली न राहिलेली बाई यांतला फरक ती फक्त मानेनं दाखवते. चाळीत आम्ही कधी एकटे नव्हतो म्हणून तिथे सामरी लागला. फ्लॅटमध्ये दार लावून घेतलं की पुरे.

लिफ्टवरून ‘एक थी डायन’ (२०१३) सांगायलाच हवा. त्यातला छोटा मुलगा बहिणीला सांगतो की प्रत्येक इमारतीचा स्वतःचा नरक असतो, त्या इमारतीत राहून मेलेले तिथे जातात, आणि लिफ्ट तिथवर पोचवते. उत्तरार्ध मला तितकासा पटला नाही, पण पूर्वार्ध आणि कोंकणा सेन शर्मा यांच्यासाठी तो मी माझ्या यादीतून काढणार नाही. सोसायटीगणिक नरक. तळमजल्याच्याही खाली, पार्किंगच्या खाली. ज्यानं हे लिहिलं त्याला इमारतीत राहणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे.

मराठीत ‘लपाछपी’नं (२०१७) मला धक्का दिला. विशाल फुरियांनी भीतीसाठी अंधार वापरलाच नाही. लख्ख ऊन, चहूकडे माणसापेक्षा उंच ऊस, मध्ये एक घर आणि त्यात गरोदर पूजा सावंत. उषा नाईकांची तुळसाबाई तिला मायेनं जेवू घालते, आणि त्या मायेनंच घास अडकतो. या ऊसात कुणाच्या लेकी पुरल्या आहेत ते हळूहळू उघडं होतं. भुतं इथेही हक्क मागतात, फक्त त्यांना जागा कधी मिळालेलीच नव्हती. घरी आल्यावर आम्ही कुणी त्याबद्दल लगेच बोललो नाही. पुढे याच दिग्दर्शकानं त्यावरून ‘छोरी’ केला. मूळचा मराठी बघा, एवढंच म्हणेन.

आणि ‘तुंबाड’.

भयकथालेखक नारायण धारपांची एक गोष्ट राही अनिल बर्वेंनी लहानपणी मित्राच्या तोंडून ऐकली, तिथून हे सुरू झालं. पहिल्यांदा चित्रीकरण झालं २०१२ मध्ये, सिनेमा आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. मधले कितीतरी पावसाळे त्या पडद्यावर खऱ्याखुऱ्या पाण्यानं पडतात. पंकज कुमारांच्या कॅमेऱ्यातून तो पाऊस इतका जड दिसतो की छत्रीचा उपयोग होईल असं वाटतच नाही. आमच्या घरी ‘समर्थ’च्या कथा वाचून पानं सुटी झालेली होती, त्यामुळे धारपांचा धागा पडद्यावर बघताना माझा गळा दाटून आला. हिंदीवाल्यांना हे नाव माहीत नव्हतं. आम्हाला होतं.

नायक विनायक जमिनीखालच्या गर्भात, हस्तर या शापित देवाच्या घरात, उतरतो तो प्रसंग मला तोंडपाठ आहे. मळलेल्या पिठाची बाहुली. सोन्याच्या आणि धान्याच्या हव्यासापायी शापलेला हस्तर जन्माचा उपाशी. तो बाहुलीवर तुटून पडतो तेवढ्या वेळात त्याच्या कमरेचा पंचा फाडायचा आणि सांडलेल्या मोहरा वेचायच्या. कोकणात देवचाराला राखण देतात ती त्याचं देणं म्हणून. इथे माणूस हातात राखण धरून चोरी करायला येतो. इतकी वर्षं सिनेमातली भुतं आपल्या घरात शिरत होती. ‘तुंबाड’मध्ये आपण त्याच्या घरात शिरतो, आणि पुन्हा पुन्हा शिरतो, आणि पुढच्या वेळी मुलालाही घेऊन जातो. बाप मुलाला पिठाची बाहुली करायला शिकवतो तेव्हा मला हस्तरची भीती वाटत नाही. त्या बापाचीच वाटते.

पहिल्यांदा लागला तेव्हा आम्ही गेलो त्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला. मी कॉलेजातल्या मुलीबरोबर गेले तर तिकीट मिळता मिळेना. सगळी तिच्या वयाची पोरं. मोहरा खणखणल्या की कुजबुज थांबायची. दुसऱ्या खेपेला त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त धंदा केला, आणि मला त्याचा आनंद घरचं कार्य नीट पार पडल्यासारखा झाला.

त्याच वर्षीच्या ‘मुंज्या’त आदित्य सरपोतदारांनी आमच्या ओळखीचा मुंजा मोठ्या पडद्यावर आणला. सुहास जोशींची आजी झकास, पुढे संगणकाचा खेळ जरा जास्त होतो. त्यांचाच ‘झोंबिवली’ (२०२२) मला मनापासून आवडला. डोंबिवली, पाण्याची भांडणं आणि बिल्डिंग विरुद्ध वस्ती. सेंट्रल लाइनच्या गर्दीत झॉम्बी कोण ते कळायला वेळ लागतो.

आता मला एक सिनेमा हवा आहे आणि तो अजून माझ्या बघण्यात आलेला नाही. गिरणगावचा. माझे काका लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि काका परत आत गेले नाहीत. मिल पुढे कधीतरी पाडली. त्यांचे पैसे पूर्ण मिळाले नाहीत. आज त्या जागी टॉवर आहे, वर पोहण्याचा तलाव आहे. माझ्या डोक्यातल्या सिनेमात त्या टॉवरमध्ये पहाटे भोंगा होतो आणि लिफ्टमध्ये डबा घेतलेली माणसं चढायला लागतात. ती कुणाला त्रास देत नाहीत. पाळीवर येतात. राहणाऱ्यांना तेवढ्यानंच राहणं अशक्य होतं. मांत्रिक येऊ नये, आला तर त्याला मस्टर दाखवावं.

मुलगी ध्वनिमुद्रण शिकते आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, “आई, असल्या टॉवरमध्ये शूटिंगची परवानगी कोण देणार?” मी म्हटलं, रामसेंनी एका विश्रामगृहात केलं, तुम्ही ट्रान्झिट कॅम्पातल्या एका जिन्यात करा. मला फक्त भोंगा नीट हवा. तेव्हा लक्षात आलं, तिनं भोंगा कधी ऐकलेलाच नाही. कसा असायचा ते मला तोंडानं काढून दाखवता येईना, म्हणून काकांना फोन लावून दिला. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं. तिनं मोबाइल स्पीकरवर टाकला, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग चालू केलं आणि ओरडूनच विचारलं, “आजोबा, मिलचा भोंगा कसा वाजायचा?”

पलीकडून काकांनी विचारलं, “कुठल्या मिलचा?”